बिराजदार सरांच्या चुका

बिराजदार सर फळ्यावर रोज एक चूक लिहायचे. मुद्दाम. भूगोलाचा तास नेहमीसारखा चाललेला असायचा आणि मध्येच कुठेतरी, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता, ते भीमा नदी थेट अरबी समुद्रात नेऊन सोडायचे, नाहीतर सोलापुरात कोकणापेक्षा जास्त पाऊस पाडायचे. मग खडू खाली ठेवून धोतराच्या सोग्याला हात पुसायचे आणि वर्गाकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. ज्याला चूक सापडली त्याने फळ्यापाशी जायचं, चूक पुसायची, बरोबर काय ते लिहायचं आणि कशावरून ते सांगायचं. तेवढा वेळ सर त्या पोराच्या जागेवर जाऊन बसत. माणूस ताडमाड उंच, त्यामुळे गुडघे बाकाच्या फळीला लागत आणि पोरांना ते बघायलाच जास्त मजा वाटे.

सोलापुरातल्या दुसऱ्या शाळांचे मास्तर हा तास बघायला यायचे. या वर्गातली मुलं विचार करतात, असं सगळे म्हणत आणि ते खोटं नव्हतं. तीच पोरं माझ्या मराठीच्या तासाला बसत आणि 'सर, कवीला असंच म्हणायचंय हे कशावरून?' असं विचारून मला घाम फोडत. मुख्याध्यापक तर येईल त्या पाहुण्याला 'आमच्या बिराजदारांची पद्धत' दाखवायला घेऊन जात. फक्त खुद्द सर या कौतुकाने कानकोंडे होत. कुणी पद्धत म्हटलं की मान खाली घालत आणि टोपी काढून उगाच डोकं खाजवत. "कसली पद्धत, तम्मा," ते मला हळूच म्हणत. "झाकपाक हाय नुसती." सर मूळचे दुधनीचे, घरात कानडी. मी बार्शीहून नवा नवा नोकरीला आलो तेव्हापासून त्यांनी मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, करून टाकलं होतं. लोकांना हा विनय वाटायचा. मला माहीत होतं की तो विनय नव्हता.

मी शाळेत लागलो तेव्हाचे बिराजदार सर निराळेच होते. त्या वेळी त्यांचा वर्ग शाळेतला सगळ्यात शांत वर्ग होता. ते उत्तरं सांगत आणि मुलं उतरवून घेत. "सुम्म बसा. बोलायचं न्हाई, उतरवायचं," हे त्यांचं ब्रीद. त्यांनी सांगितलेलं उत्तर शब्दाला शब्द लिहिलं की पैकीच्या पैकी गुण मिळत, म्हणून पालक खूश, मुख्याध्यापकही खूश. आम्हीही मनातून त्यांचा हेवा करत असू.

सरांच्या आठवीच्या वर्गात सुगुणा नावाची मुलगी होती. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या घरातली. बाप यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. मुलगी अबोल, पण ऐकलेलं विसरत नसे. एप्रिलमधली सकाळची शाळा होती. सरांनी त्या दिवशी उतरवून दिलं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, म्हणून आपल्याकडे ऊन वाढतं. सुगुणा उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही मागं सांगितलावता, आपल्याकडं उन्हाळा असतो तवा ऑस्ट्रेलियात थंडी असती. पृथ्वी तर सगळीच जवळ येती. मग ऑस्ट्रेलिया मागं कसा राहतो?"

वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, "ऑस्ट्रेलियाला जाऊन बघून ये की. तोवर जरा भायेर उभी राहा. सूर्य किती जवळ आलाय ते कळंल." त्यांनी तिला खरंच मैदानात उभं केलं. सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन सकाळी दहालाही काय असतं ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. मी व्हरांड्यातून जाताना तिला पाहिलं. एक हात डोक्यावर धरून उभी होती. शाळेत कुणी ना कुणी असं उभं असायचंच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तास संपल्यावर ती वर्गात आली, दप्तर उचललं आणि घरी गेली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना सरांनी हा विनोद आम्हाला सांगितला. आम्ही सगळे हसलो. विज्ञानाचे गुरुजीसुद्धा हसले. सरांनी बशीत चहा ओतला, बशी ओठाला लावली आणि तिथेच थांबले.

"सगळीच येते की," ते स्वतःशीच म्हणाले.

"काय सगळीच?"

"पृथ्वी. अर्धीच कशी जवळ येईल?"

चहा तसाच टाकून ते उठले. दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारून आले ते काळवंडलेलं तोंड घेऊनच. पृथ्वी जराशी कललेली असते, जो भाग सूर्याकडे झुकतो तिथे उन्हाळा, उलट बाजूला हिवाळा, एवढी साधी गोष्ट होती. "आणि जवळ यायचंच म्हणशील तम्मा, तर ती आपल्या थंडीत जवळ असते म्हणे. म्हणजे मी उलटंच सांगत आलो. दोन्ही वाक्यं मीच सांगायचो. एक सोमवारी, एक गुरुवारी. दोन्हीला मीच गुण द्यायचो. मला कधी दिसलं न्हाई की ही वाक्यं एकमेकांशी भांडतात." वर्गात जाऊन त्यांनी उत्तर दुरुस्त करून दिलं. मुलांनी तेही मुकाट्याने उतरवून घेतलं. सुगुणाची जागा मात्र रिकामीच होती. ती पुढेही आली नाही, वार्षिक परीक्षेलाही आली नाही.

एका सुट्टीच्या दिवशी सर मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्याला पाय उचलत न्हाई." आम्ही तिच्या घरी गेलो. एकच खोली. शेजारच्या शेडमध्ये माग खडखडत होते. दारात तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, शेजारी सुगुणा पानं कापत बसली होती. आम्हाला बघून बाप गडबडला आणि अंगात सदरा चढवायला लागला. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात आल्या. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. सर उंबऱ्याबाहेर उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "माझं चुकलं. तुमच्या पोरीचं बरोबर होतं. मी तिला उगाच शिक्षा केली. तिला शाळेत पाठवा."

बापाला ते झेपलंच नाही. मास्तर आपल्या दारात उघड्या डोक्याने उभा आहे, म्हणजे पोरीने काहीतरी भयंकर केलं असणार, एवढंच त्याला कळलं. "असं बोलू नका सर," तो हात जोडून म्हणाला. "पोरगीच तोंडाळ हाय आमची. लई प्रश्न करती. मी सांगतो तिला." मग तेलुगूत तिच्यावर काहीतरी खेकसला आणि दंडाला धरून तिला सरांच्या पायावर वाकवलं. सर "अहो, नको, नको" म्हणेपर्यंत तिने डोकं टेकवलंही होतं. "चुकलं सर," ती म्हणाली. "परत न्हाई विचारणार."

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "माफी मागायला गेलो आणि घेऊन आलो, तम्मा." टोपी त्यांच्या हातातच राहिली होती आणि ऊन मी म्हणत होतं.

जूनमध्ये सुगुणा शाळेत आली. एक वर्ष वाया गेल्यामुळे पुन्हा आठवीतच. अगदी शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसायची. आणि त्याच जूनमध्ये सरांच्या चुका सुरू झाल्या. आता कळलं असेल, त्या कुणासाठी होत्या. तिने एकदा हात वर करावा, फळ्यापाशी यावं, आपल्या हाताने सरांची चूक पुसावी आणि आपण तिच्या जागेवर जाऊन बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती. सुरुवातीला पालकांनी बोंब मारली की मास्तरला येत न्हाई काय. मुख्याध्यापकांनी बोलावून समज दिली. मग एक तपासणी अधिकारी आले, त्यांना तो तास फार आवडला आणि एका दिवसात त्या चुकांची पद्धत झाली.

आठवी गेली, नववी गेली. सर वर्गाबरोबर वर चढत गेले. बाकीची पोरं तयार झाली. एकमेकांच्या चुका धरू लागली, पुस्तकातल्याही धरू लागली. सुगुणा मान खाली घालून उतरवून घेत राहिली. सर तिच्या आवडीच्या भागात चुका पेरत, ढळढळीत चुका करत, एकदा तर कापूस आसामात पिकवला, जिच्या घरात सुताशिवाय बोलणं नाही अशा मुलीसमोर. तिने वर पाहिलं, तिला दिसलं हे सरांनाही दिसलं, आणि तिने परत मान खाली घातली. त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही. पाहुणे टाळ्या वाजवून गेले होते आणि हा माणूस तोंड लपवायला जागा शोधत होता.

दहावीचा निकाल लागला. सुगुणा चांगल्या गुणांनी पास झाली आणि पेढे घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. खोलीत आम्ही दोघेच होतो. सरांनी पेढा घेतला, पुढे काय करणार ते विचारलं. कॉलेजात नाव घालणार म्हणाली. मग सर म्हणाले, "सुगुणा, एक विचारू? एवढी वर्षं मी रोज चुकलो. तुला एकबी चूक दिसली न्हाई?"

"दिसायच्या की, सर."

"किती?"

"सगळ्या."

"मग हात का वर केला न्हाईस?"

ती पेढ्याच्या पुड्याशी चाळा करत राहिली. रागाने नाही, अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तुम्ही मुद्दाम चुकला तर खडू मिळायचा, सर. खरंच चुकला तर उन्हात. आता ही कुठली चूक हाय, ते मला कसं कळणार?"

"बरोबर हाय की, बाळ," सर एवढंच म्हणाले. ती पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

पुढच्या महिन्यात जिल्ह्यातल्या शिक्षकांचं शिबिर होतं. सरांनी आपली पद्धत समजावून सांगावी, असं ठरलेलं होतं. मी समोरच बसलो होतो. सर उभे राहिले आणि पद्धतीबद्दल अवाक्षर न काढता त्यांनी सुगुणाची गोष्ट सांगितली, उन्हापासून पेढ्यांपर्यंत. एकही गोष्ट गाळली नाही. मैदानात पाठवताना आपण हसलो होतो, हेही सांगितलं. सभागृहात सगळे पायाकडे बघत होते. प्रत्येकाला आपापलं मैदान आठवत असावं. मला तरी व्हरांडा आठवत होता.

शेवटी मागून एका तरुण मास्तराने विचारलं, "मग सर, आम्ही नेमकं करायचं काय?"

"पोरानं तुमची खरी चूक काढली की तोंडाला रक्त चढतं," सर म्हणाले. "कानापर्यंत गरम होतं. तेवढा वेळ तोंड उघडायचं न्हाई. आवंढा गिळायचा. गिळला की मग बोलायचं. एवढंच हाय. मला ते वेळेवर आलं न्हाई."

त्यानंतर सरांनी मुद्दाम चुकणं सोडून दिलं. निवृत्त होऊन दुधनीला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मी पुढे पुष्कळ शिकवलं, मुख्याध्यापकही झालो, शिक्षकांना भाषणंही दिली. पण एखादं पोर उभं राहून "सर, हे चुकलंय" म्हणालं की कान तापायचे, आणि आवंढा गिळायच्या आत मी बोलून गेलेलो असायचो.