युनिट दोनची लॉगशीट

"कासवाला कसली सर्दी होते? काहीतरीच!" वरच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात फोनवर कुणाला तरी हसत सांगत होत्या. माझ्या हातात बुटांचं खोकं होतं. खोक्यात काडेपेटीहून जराशी मोठी दोन पिल्लं होती आणि त्यातल्या लहानाच्या नाकातून बुडबुडे येत होते. मी परत घरात शिरणार, तेवढ्यात तळमजल्याच्या दारातून आवाज आला, "का नाही होणार? नाक आहे ना त्याला?" मग माझ्याकडे वळून, "डॉक्टरकडे निघालीस ना? थांब, चपला घालतो."

हे पगारे काका. तोवर आमची ओळख मान हलवण्यापुरती होती. नाशिकरोडच्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना ओळखत. मी कुणालाच फारशी ओळखत नसे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते ऑपरेटर होते, आता निवृत्त. रिक्षात मी गप्प बसलेली पाहून त्यांनी विचारलं, "तुमच्या इंग्लिश शाळेत बोलायला परमिट लागायचं का गं?" मी नुसती हसले. तेवढं उत्तर त्यांना पुरलं.

पिल्लं बाबांनी माझ्या वाढदिवसाला आणलेली. परदेशी जातीची, रीतसर नोंदणीची. मी त्यांना माझ्या खोलीत टेबलावर ठेवलं होतं, कोबी आणि काकडी घालत होते, आणि मला वाटत होतं की मी त्यांचे फार लाड करते आहे. डॉक्टरांनी लहानाच्या पाठीवर अंगठा हलकेच दाबला, तर कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं. "मुलांना मुडदूस होतो ना, तसंच हे," ते म्हणाले. "ऊन नाही, कॅल्शियम नाही, वर थंडी." सर्दीचं इंजेक्शन दिलं, सकाळचं कोवळं ऊन, रोज दहा मिनिटं कोमट पाण्यात बसवणं, जास्वंदीची आणि तुतीची पानं, त्यावर कॅल्शियमची भुकटी, असं सगळं लिहून दिलं. मी कागद घडी घालून ठेवला. काकांनी तो माझ्याकडून मागून घेतला आणि दोनदा वाचला.

"म्हणजे यांचा बॉयलर बाहेरून तापवावा लागतो," परत येताना ते म्हणाले. "आपण ऊब दिली नाही, तर आत काही पेटणारच नाही. साधी गोष्ट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात पेरूखाली माती आणि कौलाचा तुकडा घातलेला टब तयार होता आणि झाडाला दोरीने एक पॅड टांगलेलं. पट्टीने आखलेली लॉगशीट. वेळ, टबचं तापमान, ऊन की सावली, डोळे, नाक, किती पानं खाल्ली. मी पिल्लांची नावं ऑलिव्ह आणि पेबल ठेवली होती. काकांनी ती ऐकून घेतली आणि कागदावर लिहिलं, युनिट एक, युनिट दोन. युनिट दोन म्हणजे आजारी पेबल. त्याने पान खाल्लं नाही की काका जिन्याखालून हाक मारत, "दोन नंबर आज लोड घेत नाही बरं का!" काकू आतून म्हणत, "रिटायर झाले पण ड्युटी काही सुटली नाही. माझा चहा लिहा की एखाद्या रकान्यात!"

काका पाणी तापवत, कोपर बुडवून बघत, मग थर्मामीटर घालून बघत. परातीत पिल्लाची हनुवटी वर राहील एवढंच पाणी. दहा मिनिटं ते उकिडवे बसून राहत, आणि कासव पाण्यात पाय हलवायला लागलं की त्यांचा चेहरा खुलायचा. हळूहळू बुडबुडे थांबले. सुजलेले डोळे उघडले. रविवारी वजन करताना काका म्हणाले, "चार ग्रॅम वाढलं! लई भारी!"

एकाच गोष्टीत ते कडक होते. "रीडिंग बघून लिहायचं. खुर्चीत बसून लिहिलेलं रीडिंग म्हणजे खोटी साक्ष. एक पोरगा आमच्याकडे असंच लिहायचा. पंप जळला तरी कागदावर थंडगार."

फेब्रुवारीच्या अखेरीस काका-काकू सिन्नरला साखरपुड्याला गेले. जाण्याआधी काकांनी सकाळी सातला युनिट दोनला पाण्यात बसवलं, पुसलं, मोठ्याशेजारी टबात ठेवलं. "आज शिफ्ट तुझी. दहानंतर पेरूची सावली सरकते. टब भिंतीकडे घ्यायचा, विसरायचं नाही."

मी घरून काम करत होते. दहाला मीटिंग सुरू झाली. कॅमेरा चालू होता. मधेच उठायचं तर बोलावं लागलं असतं, 'दोन मिनिटं येते' एवढंच. ते मला जमलं नाही. पॅड मी सकाळीच वर आणलं होतं. मीटिंग ऐकता ऐकता मी तीन ओळी भरल्या. दहा, सावलीत. अकरा, सावलीत. बारा, सावलीत. सगळं ठीक.

सव्वाबाराला खाली गेले तेव्हा टबला हात लावता येत नव्हता. मोठं पिल्लू कौलाच्या तुकड्याखाली शिरून वाचलं होतं. पेबल उघड्यावर होतं, तोंडाला फेस. मी त्याला सावलीत घेतलं, ओल्या फडक्यावर ठेवलं, डॉक्टरांना फोन करायला मोबाइल काढला. ते विचारणार, किती वेळ उन्हात होतं? मी मोबाइल खिशात ठेवला. तीनच्या सुमाराला ते गेलं.

संध्याकाळी काकांनी चष्मा लावून लॉगशीट वाचली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. मी शेजारी उभी होते. "सगळं नॉर्मल आहे," ते म्हणाले. "म्हणजे सकाळचं पाणीच. जायच्या घाईत जास्त गरम झालं असणार माझ्याकडून." मग माझ्याकडे बघून, "तू रडू नकोस. तुझं काही चुकलं नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. पुढे पावणेदोन वर्षं ते रोज ऑलिव्हची चौकशी करत, जास्वंदीची पानं आणून देत, पण पाण्यात बसवायला कधी हात लावला नाही. "तूच कर. माझा हात आता भरवशाचा नाही," म्हणत आणि लांब खुर्ची टाकून बसत. ऑलिव्हचं कवच आता दगडासारखं झालं आहे.

गेल्या डिसेंबरात काका झोपेतच गेले. जलदानाचा विधी झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा काकूंनी मला आत बोलावलं आणि एक फाइल हातात दिली. "तुझ्या कासवांचे कागद. जपून ठेवले होते त्यांनी."

त्या दिवसाचा कागद सगळ्यात वर होता. माझ्या अक्षरातल्या तीन ओळी, एकाच शाईच्या, एकाच कलत्या हाताच्या. त्याखाली काकांनी लाल पेनने लिहिलं होतं, 'युनिट दोन बंद. कारण : ऑपरेटरची चूक.' आणि पूर्ण सही.

"शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं बघ," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, पोरीचं कासव माझ्या हातून गेलं."

बाहेर कुणीतरी खुर्च्या एकात एक घालत होतं. मी कागद काकूंसमोर धरला.

"काकू, त्या दिवशी ऑपरेटर मी होते. टब उन्हात होता, आणि मी न बघता लिहिलं."