फळ्यांखालची फरशी

माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. लग्न, बारसं, सत्कार, उद्घाटन, जे असेल त्याला पाइप उभे करायचे, फळ्या टाकायच्या, पडदे सोडायचे. दुसऱ्यांसाठी आयुष्यभर लाकडी स्टेज उभारले आणि स्वतः नृत्यकेंद्र काढलं तेव्हा त्याला ग्रॅनाइट बसू दिलं. यात कुणी कुणाला फसवलं नाही. सगळ्यांनी चांगल्या मनानंच केलं, म्हणून पुढचं निस्तरायला जड गेलं.

जागा राजारामपुरीत, तळमजल्यावर. आधी तिथं कोचिंग क्लास होता. तो मोठ्या जागेत गेल्यावर मी हॉल भाड्यानं घेतला. आमच्या भागातल्या मुली नाच शिकायच्या त्या कुणाच्या तरी गच्चीवर, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात, ढग आले की सुट्टी. भरतनाट्यम शिकवायला धारवाडकडच्या एक बाई मिळाल्या. लग्न होऊन इथं आलेल्या, मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणतात. संध्याकाळी मुलींचा वर्ग, दुपारी बायकांची झिम्मा-फुगडी आणि वर्षातून एकदा नृत्यमहोत्सव, एवढाच माझा बेत होता.

फरशी ओळखीच्या एका व्यापाऱ्यांनी दिली. जैन घराणं, मूळचं शेतीतलं, आता ग्रॅनाइटच्या धंद्यात. त्यांच्या घरच्या लग्नांचे मंडप माझेच असतात. त्यांना वारलेल्या आईच्या नावानं काहीतरी करायचं होतं. आईला नाचाची फार हौस होती म्हणे, पण सख्ख्या भावाच्या वरातीतसुद्धा तिला कुणी नाचू दिलं नव्हतं. काम चालू असताना ते स्वतः गवंड्याशेजारी मांडी घालून बसायचे, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवायचे. शेवटी टाच आपटून म्हणाले, "बघा ताई, दणकट हाय. तुमच्या नातवंडांच्या पोरी नाचतील हितं." काळीभोर, आरशासारखी फरशी. मीही खूश झाले.

दुखणं पहिल्यांदा कळलं ते कागलहून येणाऱ्या एका मुलीचं. तिनं सांगितलं नाही, लपवलं, पण ते दिसलं. अकरावीतली पोरगी, घरी म्हशी. डेअरीत दूध घालून आली की दप्तर उचलून बस धरायची. वर्गात सगळ्यांत चांगली तीच. गुडघे बाजूला मुडपून अर्धं बसायचं आणि पाऊल सपाट आपटायचं, हा रोजचा सराव असतो. इतक्या जणींत तिच्या पावलाचा आवाज मला बाहेर बसून ओळखता यायचा. महोत्सवातलं एकटीचं नृत्य तिलाच दिलं होतं. एका संध्याकाळी ती बाहेरच्या पायऱ्या कठडा धरून उतरली. विचारलं तर म्हणाली, झोपेत पाय अवघडलाय. बाईंनी तिची नडगी नुसती बोटानं दाबली आणि ती कळवळून खाली बसली.

एक्सरेत काही आलं नाही. पुढच्या तपासणीत नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टरांनी दुसरं काही विचारायच्या आधी विचारलं, नाचता कशावर? वर्गात चौकशी केली तर आणखी दोघींच्या नडग्या दुखत होत्या. घरी तेल चोळून गप्प होत्या.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात बाई म्हणाल्या होत्या, "अक्का, मला सुरुवातीलाच वाटलं होतं. नाचाची जमीन जरा दबायला पाहिजे. पण आईच्या नावानं दिलेलं, त्याला वाईट कोणत्या तोंडानं म्हणू?"

मी त्यांना काय बोलणार? माझे स्टेज पायाखाली हलतात म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं आणि मी पाचरी मारत बसते. त्या हलण्याचा कुणाला उपयोग असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली. घरात सासू आणि दीर बोलत होते, नाचून पाय मोडून घेतला, आता लग्नाला कोण विचारणार. ती आली तशी हॉलच्या मधोमध उभी राहिली. मी फरशीचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "व्हय. पर म्या घरात काय सांगू? तुमी फरशी बदलणार हायसा, का पोरगी?"

मी म्हटलं, फरशी.

"मग बदला. तवर धाडत न्हाय."

मी तशीच स्कूटर काढून व्यापाऱ्यांच्या दुकानी गेले. महोत्सव तोंडावर आला होता आणि त्यात त्यांचाच सत्कार होता. आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ते आधी हसले. "फरशीनं हाड मोडतंय व्हय? मग आमच्या घरात समदीच लंगडी पायजे हुती." दुकानातली माणसंही हसली. मी चालणं आणि आपटणं यातला फरक सांगितला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"दबणारी जमीन म्हंजे कच्चं काम, ताई. तुमच्या मांडवासारखं. दोन दिसाचं."

"हो. तसलंच पाहिजे," मी म्हणाले.

त्यांनी सतरंजी घाला म्हणून सुचवलं. सतरंजी सरकते. रबराची चटई घाला म्हणाले. तिच्यावर पाऊल चिकटतं, घोटा मुरगळतो. मला लाकूडच टाकावं लागणार होतं, सगळ्या हॉलभर, कायमचं. म्हणजे फरशी दिसणार नाही, असं त्यांनीच मग सावकाश म्हटलं. आईंच्या नावाची पाटी भिंतीवर आहे, ती तिथंच राहील, असं मी सांगितलं.

"नाव भिंतीवर हाय, खरं हाय," ते म्हणाले. "पर पोरी तिच्या फरशीवर नाचायच्या हुत्या."

एवढं बोलून ते गिऱ्हाइकाकडे वळले. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. मी निघाले.

काम माझ्याच माणसांनी केलं. खाली रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्या, वर प्लायवूडचे दोन थर. ग्रॅनाइटला एक खिळा लागू दिला नाही. जमीन चार बोटं वर आली, दार घासायला लागलं, ते तासून घेतलं.

महोत्सव ठरल्याप्रमाणे झाला. राधानगरीकडच्या बायकांनी झिम्मा घातला तेव्हा सगळा हॉल घुमला. लोकांनी टाळ्या वाजवून तो पुन्हा घालायला लावला. पहिल्या रांगेतली सत्काराची खुर्ची रिकामीच होती. मध्यंतरात मी ती दुसऱ्या पाहुण्यांना देऊन टाकली. व्यापाऱ्यांचा फोन तेव्हाही आला नाही आणि नंतर त्यांच्या घरच्या लग्नाचा मंडप दुसऱ्यानं घातला. एकटीचं नृत्य कार्यक्रमातून काढलं होतं. दुसरीला द्यायला बाई तयार झाल्या नाहीत. कागलहून कुणीच आलं नाही.

दिवाळीनंतर आई मुलीला घेऊन आली. डॉक्टरांनी हाड जुळल्याचं सांगितलं होतं, हळूहळू सुरू करायला हरकत नव्हती. आईनं चपला बाहेर काढल्या, आत येऊन दोन्ही तळवे लावून प्लायवूड दाबून बघितलं, मग मुलीला मान हलवून खूण केली.

मुलगी अर्धी बसली. बाईंनी काठीचा ठोका दिला. पाऊल उचललं गेलं, खाली आलं आणि अगदी शेवटच्या क्षणी मंदावलं. ठेवलं गेलं, आपटलं नाही. दुसरा ठोका, तिसरा, तेच. बाई म्हणाल्या, मार, काही होत नाही आता.

"मारतीय की," ती म्हणाली.

तिला खरंच तसं वाटत होतं. घाम आला होता तिला.

"बरी हाय न्हवं?" आईनं मला हळूच विचारलं.

"हाड बरं आहे," मी म्हणाले.

मुलगी आता दिवसाआड येते. घरच्यांनी एवढं कबूल केलंय. दुखतं का म्हणून मी विचारते, ती नाही म्हणते आणि या वेळी ते खरं असावं. वर्ग चालू असला की मी बाहेरच्या खोलीत बिलं करत बसते. ठोका पडतो, पावलं पडतात, त्यांत तिचं आता वेगळं ओळखू येत नाही. ती मागच्या रांगेत असते. ती जागा तिनं स्वतःच मागून घेतली.