झाकू का, मास्तर?

दादा गेल्याचा निरोप घेऊन त्याच्या शाळेचा शिपाई कल्याणला माझ्या सासरच्या दारात उभा राहिला, तेव्हा मी अंगणात गोधड्या वाळत घालत होते. निरोप ऐकला आणि आधी मान वर करून आभाळ बघितलं. सवय... दुसरं काय! दादाच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. पौषातलं निळंभोर आभाळ, ढगाचा मागमूस नाही. मला त्याचा रागच आला. त्या दिवशी निदान थोडं मळभ तरी यायला हवं होतं.

आईवडील लवकर गेले, मला दादानेच वाढवलं. ठाण्याच्या एका शाळेत तो भूगोल शिकवायचा. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचा, "माझं बिऱ्हाड ढगांत, तिथे कोण मुलगी देणार?" आमचं घर खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. शाळेने टाकून दिलेला एक फळा त्याने ओट्यावर टांगला आणि स्वराज्य आलं त्या वर्षीच्या हिवाळ्यापासून रोज सकाळी त्यावर खडूने लिहायला लागला. वारा कुठला, ढग कुठले आणि खाली ठसठशीत अक्षरांत, पाऊस येणार की नाही. थंडीत कसला आलाय पाऊस, म्हणून लोक हसायचे. पण वाळवणं घालणाऱ्या बायका आणि मांडववाले जाता जाता फळ्याकडे बघायचेच. मला तर ढगांची नावं पाढ्यांसारखी पाठ होती. पिंजलेल्या कापसासारखे, खूप उंचावरचे ते तंतुमेघ, ढिगाऱ्यासारखे ते राशिमेघ आणि आभाळभर चादर अंथरल्यासारखे ते स्तरमेघ. चुकलं, तर पानावर बसायच्या आधी पुन्हा म्हणून दाखवावं लागे.

फळ्याचं खरं गिऱ्हाईक मात्र हाशा. खाडीकाठी त्याचं बापजाद्यांपासूनचं लहानसं मिठागर होतं. वाफ्यांतून ओढलेलं मीठ बांधावर रास करून ठेवायचं आणि पावसाची भीती असली तर ती रास गवताने झाकायची. झाकायची म्हणजे अर्धा दिवस मोडायचा आणि सकाळी ते गवत पुन्हा काढायचं. हाशाला वाचता येत नव्हतं. कामाला जाताना तो ओट्याशी थांबायचा. "मास्तर, काय लिवलाय? झाकू का?" दादा चष्मा सावरून फळा वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, "नको झाकूस." त्या वेळी त्याचा रुबाब बघण्यासारखा असे.

माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी हाशा चंद्राभोवतीच्या कड्याकडे बोट दाखवत आला. "मास्तर, चांदाला खलं परलाय. बापूस सांगायचा, खलं परला का पानी येतं." दादा हसला. "अरे, हे तंतुमेघ. त्यांतून पाऊस पडत नाही, पुस्तकात आहे. मुंबईच्या वर्तमानपत्रातही हवा कोरडी म्हणून दिलंय. खुशाल घरी जा." पुस्तकातलं खोटं नव्हतं. त्या ढगांतून पाऊस पडत नाहीच. त्यांच्या मागून जे ढग येतात, त्यांतून पडतो, हे शिकवणारा माणूस तेवढं विसरला... पहाटे कौलं वाजायला लागली. दादा तसाच अनवाणी धावत सुटला, त्याच्यामागून मी. बांधावर पुरुषभर उंचीची रास होती, तिथे चिखलात पांढरट गाळ उरला होता. हाशाने आमच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "मास्तर, भिजू नको. आजारी परशील." दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवी रास लागली आणि हाशा पुन्हा नेहमीसारखा ओट्याशी उभा. "मास्तर, झाकू का?" दादाने फळ्यावर नुसती ढगांची नावं लिहिली होती, खालची ओळ कोरी. म्हणाला, "झाक." त्या दिवसापासून रोज तेच. लग्नानंतर मी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायचे. आभाळ लख्ख, फळ्यावर 'निरभ्र', आणि दादा म्हणतोय, "झाक." गेल्या वर्षी मला राहवलं नाही. हाशा गेल्यावर मी ताडकन बोलले, "तुझ्या भीतीपायी त्या गरिबाला किती वर्षं फुकट राबवणार आहेस?" दादा पानावरून उठला. ताटातली गुळाची पोळी तशीच राहिली. आम्हा दोघांची तीच शेवटची भेट, आणि ती माझ्या जिभेने अशी नासवली.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराला कुलूप लावायला ओट्यावर आले. फळ्यावर त्याच्या हातचं 'निरभ्र' तसंच होतं. खाली रस्त्यावर हाशा उभा होता, हातात पागोटं. मी म्हटलं, "हाशा, दादामुळे तुला फार त्रास झाला रे. पाऊस नसताना रोज झाकायला लागलं. त्याच्या वतीने मी माफी मागते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाय, पानी नाय येवाचा, ता माना ठाव असायचा. आबाल माना बी समजतं."

"मग कशाला झाकायचास?"

"नाय झाकला, त मास्तरला नीज लागायची नाय. सांजचा बांधावर येऊन बघून जायचा. झाकलेला दिसला का घरी जाऊन जेवायचा."

इतकी वर्षं मी समजत होते, दादा त्याला राबवतोय... हाशाने पदरचा अर्धा दिवस रोज माझ्या भावाच्या जेवणासाठी घातला होता. मला हे कळलं, तेव्हा सांगायला दादा नव्हता.

फळा मी पुसला नाही, घरात उचलून ठेवला आणि कुलूप लावलं. हाशा तिथेच घुटमळत होता. पागोटं डोक्याला गुंडाळलं, दोन पावलं गेला, परत फिरला.

"बाय," त्याने विचारलं, "आज झाकू का?"

मी वर बघितलंच नाही. म्हटलं, "झाक."