आबांच्या घड्याळातला सेल

वडिलांना सांभाळायला अंजलीने दवाखान्यातली नोकरी सोडली, तेव्हापासून तिचं सगळं जग नाशिकरोडच्या दोन खोल्यांत येऊन थांबलं होतं. आबा, म्हणजे मल्हारी, इगतपुरीला रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. आता त्यांना मुलीचं नावसुद्धा आठवेलच असं नव्हतं. पण मनगटावरच्या घड्याळात आठ वाजलेले दिसल्याशिवाय ते नाश्त्याला हात लावत नसत. एवढं एक मात्र डोक्यात पक्कं राहिलं होतं, आणि अंजलीने रोजची सकाळ त्याच्याच आधाराने बसवली होती.

त्या दिवशी तिने नेहमीसारखं इन्सुलिन टोचलं आणि दूध-भाकरी कुस्करून पुढे ठेवली. आबांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं.

"टाइम झाला नाय अजून."

"झालाय आबा. खाऊन घ्या."

"नाय."

तिने वाकून पाहिलं. घड्याळ पहाटेच कधीतरी बंद पडलं होतं. तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवून दाखवलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. मग तिने त्यांच्याच घड्याळाची चावी ओढून काटे आठवर आणले. आबा बराच वेळ बघत राहिले.

"बारीक काटा हलत नाय. बंद घड्याळावर गाडी सोडायची का?"

तिने घास भरवायला हात पुढे केला, तर त्यांनी दात आवळले. जबरदस्ती केली की ते ठसका लावून घेत, हे तिला माहीत होतं. घड्याळवाला दत्तमंदिरच्या स्टॉपजवळ बसायचा, पण तो उगवायचा अकराला. आणि इंजेक्शन तर पोटात गेलेलं, आता खाल्लं नाही तर रक्तातली साखर एकदम उतरणार.

सेलच संपला असणार, असं म्हणत तिने त्यांच्या मनगटावरून घड्याळ काढलं आणि सुरीचं टोक मागच्या झाकणाच्या खाचेत घातलं. झाकण निघेना. तिने अंगठ्याने जोर दिला, तशी सुरी आत घसरली आणि झाकण टणकन उडालं. मग तिने सेलसाठी स्वतःच्या हातातलं घड्याळ फोडलं. नशिबाने त्यातल्या सेलवर तोच नंबर होता. भुवयांच्या चिमट्याने तिने तो काढला आणि आबांच्या घड्याळात बसवला.

काटा हलला नाही.

सेल उलटा बसला असेल म्हणून तिने काढून पुन्हा घातला. पट्टी दाबून पाहिली. फुंकर मारली. शेवटी खिडकीशी उजेडात धरलं, तेव्हा तिला दिसलं. आत तांब्याच्या तारेचं इवलंसं वेटोळं होतं, आणि त्यावरून सुरी फिरली होती. केसाहून बारीक तार तुटून वर आली होती. तरीही ती चिमट्याने ते टोक दुसऱ्या टोकाला टेकवत बसली. तार आणखी उसवत होती, आणि ती स्वतःशीच पुटपुटत होती, "चाल ना. एकदा चाल."

मागे ताट लवंडल्याचा आवाज झाला.

आबा घामाने भिजले होते. नजर कुठेच ठरत नव्हती. एवढा वेळ आपण घड्याळाकडे बघत बसलो, माणसाकडे नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने साखरेचा डबा ओढला आणि शेजारच्या संजनाला हाक मारली. संजनाने आबांना कुशीवर धरलं. अंजली ओली साखर बोटाने त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळत राहिली. "गिळा आबा. थोडं थोडं." काही वेळ काहीच झालं नाही. मग त्यांची जीभ हलली, ओठ चाटले गेले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे तिच्यावर आणून विचारलं, "कोण गं तू?"

ती त्यांच्या छातीवर डोकं टेकवून रडली.

दुपारी डॉक्टरांनी इंजेक्शन बदलून दिलं. आता आधी खाणं, खाल्लेलं पाहूनच सुई. घड्याळवाल्याने आबांचं घड्याळ भिंगाखाली धरलं आणि मान हलवली. त्या जातीचं मशीन येणं केव्हाच बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ताट पुढे आलं, तेव्हा आबा मोकळं मनगट चाचपू लागले.

"ड्युटी संपली आबा," अंजली म्हणाली. "आता टाइम बघायचा नाही."

"संपली?" त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मग मी जाऊ कुठं?"

तिने घास पुढे केला. तिच्याकडे बघत बघतच त्यांनी तोंड उघडलं.