हात मागे बांधून उभी राहणारी बसंतीबाई

बसंतीबाईने पहिल्याच दिवशी मला माझ्याच घरातल्या खोलीतून बाहेर काढलं. ऑफिसला उशीर होत होता आणि मी सासऱ्यांना उठवायला त्यांच्या काखेत हात घालून ओढत होते. ही नवी बाई दारात आली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "बाई, तुमी जा तुमच्या हापिसात. ते का सरकीचं पोतं हायेत का ओढाले?" मला राग पटकन येतो, तसा तेव्हाही आला. पण ऑफिसातलं हजेरीचं मस्टर माझ्या रागासाठी थांबत नाही, म्हणून मुकाट्याने निघाले.

माझे सासरे नीळकंठराव. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. जन्मभर ते सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. गाडीतला कापूस चिमटीत घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धागा ओढून पाहायचा आणि ग्रेड सांगायची. त्यांनी नापास केलेली गाडी पास करून घ्यायची कोणाची टाप नव्हती. त्या बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा अडखळली, पाय ओढू लागला आणि ज्या हाताचा दरारा होता तो हात मांडीवर नुसता पडून राहू लागला.

बसंतीबाईच्या आधी रुग्णसेवेच्या एका ब्युरोतून मुली यायच्या. त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. बाबांना पुसायच्या, पावडर लावायच्या, चमच्याने भरवायच्या आणि टीव्ही लावून शेजारी बसायच्या. चादर कशी पांढरीशुभ्र. आलागेला म्हणायचा, काय छान ठेवलंय हो म्हाताऱ्यांना. आणि खरंच, ठेवलेलेच होते ते. उन्हाळा सरेस्तोवर बाबा कूससुद्धा आपणहून बदलेनासे झाले.

बसंतीबाई लोहारा गावाच्या पलीकडच्या बंजारा तांड्यावरची. अंगाने दणकट, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. अटी आम्ही नाही, तिनेच घातल्या, आणि आम्ही त्या पाळायच्या होत्या. दिवसातून दोनदा ती अंगणात जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणार, त्यावर कोणी बोलायचं नाही. आणि बाबांना जे करता येईल ते दुसऱ्या कोणी करायचं नाही. आयुष्यभर ती कापूस वेचत आली होती. पण दोन हजार सहाच्या त्या सुमाराला कापसाचं पार वाटोळं झालं होतं, लोक वावरं सोयाबीनखाली घालत होते आणि वेचणीचं काम आटत चाललं होतं. तिचा नवरा भावसिंग कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमध्ये चौकीदार होता, तेही जिनिंग वर्षातून थोडेच महिने चालायचं. तिने स्वतःच्या सासूचं अंथरुणातलं सगळं केलं होतं. तेच काम मग ती लोकांच्या घरी करू लागली.

तिची पद्धत बघून माझा जीव खालीवर व्हायचा. ती बाबांना हात लावण्याआधी विचारायची, "बाबूजी, उठता का?" आणि मग हात मागे बांधून उभी राहायची. बाबा हलले नाहीत तर ती उभीच. काही मिनिटं जायची, चहावर साय धरायची. शेवटी बाबा डावा हात पुढे करायचे, तेव्हा कुठे ती आपला हात द्यायची. ओढायची मात्र नाही, नुसता द्यायची. मला वाटायचं, अगं बाई, उचल ना एकदाचं. एकदा बोललेही. ती म्हणाली की उचलणं सोपंच आहे, उभं राहणंच जड जातं.

दिवाळीला माझी मोठी नणंद, विमलताई, नागपूरहून आली. तिने पाहिलं ते असं: बाबा ताटावर वाकलेले, डाव्या हाताने घास उचलायच्या खटपटीत, वरण सदऱ्यावर, भात मांडीवर, आणि पगारी बाई समोर हात बांधून उभी. विमलताईचा नुसता भडका उडाला. तिचं बाबांवर फार प्रेम, आणि तिचं प्रेम नेहमी बोलण्यातून बाहेर पडतं. आम्ही त्यांचे हाल करतोय, इथपासून सुरुवात झाली आणि नागपूरला एक चांगलं सेवाघर आहे, चोवीस तास नर्स असते, इथवर येऊन ती थांबली. संक्रांतीला गाडी घेऊन येते आणि बाबांना नेते, असं तिने जाहीर केलं. ह्यांची ताईपुढे बोलायची हिंमत नाही. माझी आहे, पण वरण सदऱ्यावर होतं हे खरंच होतं.

बाबांनी मात्र डाव्या हाताने खाटेचा दांडा धरला तो धरलाच. संध्याकाळपर्यंत सोडला नाही, जेवले नाहीत. हे घर त्यांनी पगारातून एकेक खोली करत बांधलं होतं. त्यांना जायचं नव्हतं, आणि ते सांगता येत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी बसंतीबाई ओढणीखाली ताटली घेऊन आली. ताटलीत कापूस होता. व्यायामाचा रबरी चेंडू बाबांनी केव्हाच फेकून दिला होता, त्या चेंडूत त्यांना काय रस असणार?

"बाबूजी, हा कापूस एक नंबर हाये. मी म्हनते ना," असं म्हणून तिने ताटली त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली.

बाबांनी डावा हात पुढे केला. तिने ताटली त्या हातापासून लांब सरकवली. त्यांनी तिच्याकडे रागाने पाहिलं. तो राग मी ओळखते, कापसातलं काही कळत नसताना बोलणाऱ्यांवर ते असेच बघायचे. मग तो मांडीवरचा उजवा हात निघाला. कसातरी ताटलीपर्यंत गेला. बोटं कापसात शिरली आणि तिथेच थांबली. मी पर्स खांद्याला लावून दारात उभी होते.

"वला हाये," बाबा म्हणाले.

बसंतीबाई गडगडून हसली. वजन वाढवायला लोक कापसावर पाणी मारतात, तसं तिने मुद्दाम मारलं होतं. त्या मेलेल्या बोटांना ओल कळली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले, आणि त्या दिवशी मस्टरवर माझ्या नावापुढे उशिराची लाल खूण झाली.

मग रोज ताटली येऊ लागली. कधी पहिल्या वेच्याचा कापूस, कधी कवडी म्हणजे डाग पडलेला किडका कापूस, कधी भावसिंगने जिनिंगमधून आणलेली, सरकी काढलेली मूठभर रुई. बाबा ग्रेड सांगायचे आणि ती हटकून वाद घालायची. वादासाठी बाबांना शब्द लागायचे, ते सापडू लागले. आणि ती लबाड बाई ताटली रोज थोडी लांब ठेवायची. आधी खाटेवर, मग खुर्चीवर, पुढे ओसरीत. कापूस तर पाहायचा आहे, मग बाबा काठी मागायचे. पडतील म्हणून मी धास्तावायचे. दोनदा पडलेही. तिने विचारलं, "बाबूजी, उठता का?" आणि हात मागे बांधले.

संक्रांतीला विमलताई आली. गाडीची डिकी उघडली, त्यात सेवाघरातल्या खाटेसाठी नवी कोरी गादी होती. बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. ती दोन्ही हात पुढे करून त्यांना उठवायला धावली. "चला बाबा, धरा मला."

बाबांनी तिचे हात धरले नाहीत. काठी टेकली, उठले आणि पायऱ्या उतरून चालू लागले. वाकडे, थांबत, पण एकटे. विमलताईचे हात तसेच हवेत राहिले. बाबा सरळ डिकीपाशी गेले, काठी गाडीला टेकवली आणि गादीची शिवण चाचपू लागले. एका ठिकाणी टाका सैल होता. तिथून त्यांनी उजव्या हाताने चिमूटभर कापूस ओढला, दोन्ही अंगठ्यांत धरला आणि ताणला. धागा तट्कन तुटला.

"नापास," बाबा म्हणाले. "गिरनीचा कचरा भरला हाये यात. वापस ने."

"बाबा, नवी आहे हो ती," विमलताई कशीबशी म्हणाली.

"मी कुठी जात नाही, विमल."

विमलताई तिथेच डिकीच्या काठावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. मग डोळे पुसून तिने स्वतःच डिकी लावली. तिच्यावरचा माझा सगळा राग त्या क्षणी गेला.

बसंतीबाई अंगणात तुळशीपाशी उभी होती. तोंडात खर्रा, चेहरा असा की जणू रोजचंच आहे. मी तिच्या मागे होते, म्हणून मला दिसलं. बाबा उठल्यापासून तिने पाठीमागे आपलंच मनगट धरून ठेवलं होतं, आणि इतकं घट्ट, की गिलटाच्या बांगड्या रुतून हातावर वळ उठले होते.