मॅडम सत्कार सोडून उठल्या तेव्हा

मंडळी, आज सकाळी दिग्रसच्या एसटी आगारात नव्या आगारप्रमुख मॅडमचा सत्कार होता. वक्ता मी. संस्कृत शिकलेला माणूस, त्यामुळे स्त्रीशक्तीवर बोलायला लागलो की आपण होऊन थांबत नाही.

तेवढ्यात यवतमाळला निघालेली बस फाटकाजवळच बंद पडली. आत नर्सिंगच्या परीक्षेला निघालेल्या मुली. एक तर रडायलाच लागली.

मॅडम गळ्यातल्या हारासकट उठल्या. "राठोडभाऊ, ब्रेकचं काम झालेली गाडी काढा."

कालपर्यंत 'बाईले गाडीतलं काय समजते' म्हणणारे मेकॅनिक राठोड घाबरले. "मॅडम, तिची चाचणी राह्यली. काही झालं तं?"

"मंग आत्ताच घेऊ. तुम्ही चालवा, मी बाजूले बसते."

रिकाम्या गाडीतून दोघांनी आगाराला फेरी मारली. ब्रेक असा करकचून लागला, की हाराच्या पाकळ्या काचेवर उडाल्या. मगच मुली चढल्या.

गाडी निघाली तेव्हा वर्कशॉपमधून पडल्या तशा टाळ्या माझ्या भाषणाला कधी पडल्या नाहीत.

मॅडम खुर्चीत परतल्या. "सर, बोला पुढं."

मी भाषणाचा कागद खिशात घातला आणि सत्काराची शाल उचलली. राठोडभाऊ हात पुसत आले. "सर, थे शाल मले द्या. मी देतो मॅडमले."

दिली.

तुमच्या कार्यालयातल्या बाईंना शाल कोणाच्या हातून मिळते हो?