जीप भरली नाही

त्या वर्षी मी मारुतीला तेल घालणं बंद केलं होतं. रागानंच. चाळीस वर्षं घातलं आणि पोरगा दारूत बुडाला, तर तेच तेल भाजीत गेलेलं काय वाईट, असं मी त्याला तोंडावर सांगून आले. सुभाष माझा एकुलता एक. वाशीमच्या डॉक्टरांनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, आता प्यायला तर वाचणार नाही. सून लेकीला घेऊन मानोऱ्याला माहेरी गेली. मी तिला अडवलं नाही, तिच्या जागी मीही गेले असते. आमच्याकडे दारू सोडवायची तर गळ्यात तुळशीची माळ घालतात. माळकरी माणूस पीत नाही, असा सगळ्यांचा विश्वास. सुभाषला मी तीनदा माळ घातली. तिसऱ्यांदा कळलं, हा माळ काढून खुंटीला टांगतो, पिऊन येतो, चूळ भरतो आणि पुन्हा गळ्यात घालतो.

मग कोणी सांगितलं, कामरगावच्या पुढं एका खेड्यात एक बाबा दर रविवारी दारूचं औषध देतो, नारळ-उदबत्ती घेऊन जायचं. मी त्याला घेऊन निघाले. कामरगावला जीप बदलायची होती. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि चार माणसं कमी होती. ऊन मी म्हणत होतं. सुभाष सारखा रस्त्यापलीकडं बघायचा, तंबाखू घेऊन येतो म्हणायचा. कसला तंबाखू ते मला ठाऊक होतं. तेवढ्यात शेजारच्या शाळेच्या एका खोलीबाहेर पंधरा-वीस चपला दिसल्या आणि आतून टाळ्या ऐकू आल्या. भजन असेल. जीपवाल्याला म्हटलं, भरली की हाक मार, आणि सुभाषचं मनगट धरून आत शिरले. मनात भक्ती वगैरे काही नव्हती. पोरगा डोळ्यांसमोर राहावा, एवढंच.

आत टाळ नाही, मृदंग नाही, देवाची तसबीरसुद्धा नाही. सतरंजीवर माणसं गोल बसलेली, त्यात दोन बाया. मी नारळ हातात घेऊन तशीच उभी.

"देव कुठी हाय? नारळ कुठी ठेवू?"

पांढऱ्या मिशांचा एक माणूस हसला. तो एसटीचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त, हे मागाहून कळलं. "मावशी, इथं ज्यानं त्यानं आपापला देव घेऊन येवा लागते. बसा तुमी."

"मंग तुमी हाय तरी कोन?"

"आमी सारे दारुडे. सोडून राह्यलो. एकट्यानं जमत नाही, म्हून मिळून सोडतो."

मला वाटलं थट्टा करतोय. सुभाष कानाशी आला. "माय, चाल, जीप जाईन."

"जाऊ दे. बस गुमान."

मिशीवाला स्वतःचंच सांगू लागला. "मी बी माळकरी होतो. बाटली उघडाच्या आंधी माळ खुंटीले टांगो. वाटे, देवाले काय दिसते!"

"मी तं खिशात ठेवो," दुसरा म्हणाला. "पडलो नालीत, तं देव संगं पाह्यजे ना!"

सगळे खो खो हसले. सुभाषही हसला. त्याचे दात मी किती महिन्यांनी पाहिले. मग तो नाक ओढत म्हणाला, "माया घरी बी खुंटी हाय." थोडं थांबून, "मले सोडाची हाय, पन भेव लागते."

कोणी उपदेश केला नाही. मिशीवाला एवढंच म्हणाला, "जलमभराचं नको बोलू. आज नाही पेयाची, बस. भेव वाटलं का मले फोन लाव." बाहेरून जीपवाल्यानं दोनदा हाक मारली. मी दारातूनच ओरडले, "ने बाप्पा तुई जीप. आमी पोचलो." नारळ पायरीवर फोडला आणि सगळ्यांनी चहाबरोबर खाल्ला.

याला दोन वर्षं होत आली. सुभाष दर रविवारी त्या खोलीत जातो. मध्ये एकदा तो घसरला. पुढच्या रविवारी आपल्या पायांनी गेला आणि सगळ्यांसमोर सांगून आला. चार माणसं त्या दिवशी जीपमध्ये आधीच येऊन बसली असती तर काय झालं असतं, याचा मी फार विचार करत नाही. ती आली नाहीत, आणि मी मारुतीचे उपकार मानते. सूनही परतली. माझं मात्र एक सुटेना. सुभाष शेतातून आला की पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जाऊन मी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. त्या खोलीतल्या दोन बायांपैकी एकीनं मला सुनावलं, "मावशी, थो दारू सोडून राह्यला, तुमी वास घेनं सोडा." दोन दिवस मी तिच्यावर फुगून होते. पण ती खरं बोलली होती. देवावर सोडलं, असं मी जन्मभर म्हणत आले आणि दोरी हातातच ठेवली.

परवा सुभाषला कारंज्याहून यायला अंधार पडला. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. दार वाजलं. सुनेनं माझ्याकडं पाहिलं. माझे गुडघे उठायला निघाले होते, त्यांना मी दाबून धरलं आणि भाकरी तव्यावर टाकली. नात पळत जाऊन बापाच्या पाठीवर चढली. तो तसाच चुलीजवळ येऊन बसला. मी त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि पुढची थापायला घेतली.